जिथे असाल तिथे थांबा

“नाव?” हवालदार बबन शेडग्यांनी विचारलं.

श्रीरंग आधी हसला. त्याला वाटलं, बबनरावांनी सकाळी सकाळी थट्टा मांडलीय. जेट्टीवरच्या चौकीत टेबलामागे ते बसलेले, शेजारी नवा कॉन्स्टेबल उभा, त्याच्या खांद्याला बंदूक. आम्ही नवराबायको दारात, हातात पाण्याचा कॅन आणि डब्याची पिशवी, कुठल्याही रविवारसारखे.

“नाव सांगा डॉक्टर. आन ओळखपत्र दाखवा दोघांचं.”

“बबनराव, तुमच्या दाढा मी काढल्यात,” श्रीरंग म्हणाला. “आणि तुम्ही मला नाव विचारता?”

“मला ठावं हाय नाव. सरकारला ठावं न्हाई.”

बबनराव हे खाली मान घालून बोलले, हे मी पाहिलं. श्रीरंगने पाहिलं नाही. त्याने खिशातून ओळखपत्र काढलं आणि टेबलावर टाकलं. टाकलं म्हणजे टाकलंच, दिलं नाही. त्या दिवसापासून त्याने बबनरावांवर दात धरला.

यातलं कोणीच आता उरलेलं नाही. श्रीरंग गेला, बबनराव तर केव्हाच गेले, आणि परवा साताऱ्याकडून निरोप आला की छबूबाईही गेली. म्हणून सांगते. नाहीतर हे माझ्याबरोबर जळायचं, असंच आमचं ठरलेलं होतं.

मी शालन कर्णिक. मांडवखारला श्रीरंगचा दातांचा दवाखाना होता. नवऱ्याला अरे-तुरे करणारी गावातली पहिली सून मीच, सासूबाईंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. श्रीरंगला एकच व्यसन, शिडाची बोट. गावच्या सुताराकडून त्याने एक बांधून घेतली, नाव ठेवलं ‘टिटवी’. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने माझ्या हातात सुकाणू दिलं आणि ते मी परत दिलं नाही. शीड तो सांभाळायचा, सुकाणू माझ्याकडे. घरातही बहुधा तसंच चालायचं, पण ते जाऊ दे.

आमच्यासारखी हौशी मंडळी गावात आणखी होती. वकील टिपणीस त्यांचे म्होरके. सगळ्यांनी मिळून एक मंडळ काढलेलं, खाडीकाठी एक पत्र्याची शेड, त्यात बोटी ठेवायच्या. पोलिसांशी आमचा संबंध म्हणजे घरोबा. त्यांच्याकडे तेव्हा बोट कुठली असायला? सहलीचं कोणी बुडालं, कोणी खडकावर अडकलं, की बबन शेडगे जेट्टीवर उभे राहून शिट्टी फुंकायचे आणि आम्ही निघायचो. बुडालेला माणूस वाचला की बबनराव आमच्या घरी चहा घेऊन जायचे. नाही वाचला तरी घ्यायचे, पण मग बोलायचे नाहीत.

ते मूळचे पाटणच्या डोंगरातले. समुद्र पाहिला तोच बदली झाल्यावर. एकदा श्रीरंगने आग्रह करून टिटवीत बसवलं, तर वाऱ्याने बोट जराशी कलली मात्र, बबनरावांनी डोलकाठीला मिठी मारली आणि आडवी होतीय, मला उतरवा, असा धोशा लावला. पुन्हा म्हणून शिडाच्या बोटीत पाय ठेवला नाही. त्यांची बायको छबू आणि मी मात्र सख्ख्या बहिणींसारख्या. माझ्या मुलीच्या लग्नात रुखवत तिनेच मांडलं होतं. त्यांची एकुलती सुरेखा आमच्याच ओटीवर अभ्यासाला बसायची.

मग मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला, आणि किनाऱ्यावरचं सगळं पालटलं. चौकीला जाळी आली, दिवा आला, नवी वेगवान बोट आली. ती चालवायला खात्याने माणसं प्रशिक्षणाला पाठवली. बबनरावांनी हट्टाने नाव दिलं. ज्या माणसाने डोलकाठी कवटाळली होती, तो तीन महिन्यांनी सरकारी बोटीचं चाक धरून परत आला. छाती फुगली होती त्यांची, आणि का फुगू नये? साऱ्या जन्मात पहिल्यांदा समुद्र त्यांच्या हाताखाली आला होता.

आम्ही मात्र एका रात्रीत संशयित झालो. जाताना नोंद, येताना नोंद, बोटीवर नंबर रंगवा. एका मोठ्या साहेबांनी मंडळाच्या शेडमध्येच सभा घेतली आणि बजावलं की पोलिसांच्या बोटीने भोंगा वाजवून लाल झेंडा दाखवला की जिथे असाल तिथे थांबायचं. आमच्या बोटीकडे यायचं नाही, असं ते म्हणाले. अंगावर येणारी बोट आम्ही हल्ला समजू. टिपणिसांनी विचारलं, शिडाच्या बोटीने कसं थांबावं? साहेब म्हणाले, कसं ते तुमचं तुम्ही बघा, पण थांबा. मंडळी हसली. श्रीरंग हसला नाही.

त्याला नियमाचा राग नव्हता. राग होता तो बबनरावांचा, की इतक्या वर्षांचा माणूस आपल्याला परक्यासारखं नाव विचारतो. मी त्याला समजावलं, अरे, वर्दीतला माणूस तो, त्याने काय करावं? पण सुंभ जळला तरी पीळ जाईना. दर रविवारी चौकीत तो न बोलता ओळखपत्र टाकायचा, बबनराव न बोलता नोंद करायचे. छबू आणि मी आपल्या मागच्या दाराने भेटायचो.

एका रविवारी बबनराव नवी बोट जेट्टीला लावत होते. कशी ती, नीट लागेना. दोनदा आपटली. तो नवा कॉन्स्टेबल लोखंडे दोर घेऊन उभा, आजूबाजूला कोळणी, पोरं, सगळे बघताहेत. श्रीरंग जाता जाता म्हणाला, “सरकारने बोट दिली म्हणून कोणी दर्यावर्दी होत नाही, बबनराव.”

लोक हसले. बबनरावांचा चेहरा उतरला. ते दोर बांधत राहिले. मी श्रीरंगच्या दंडाला चिमटा काढला, तोही त्याने झटकला.

त्यानंतरचा हा रविवार. मार्च महिना, लख्ख ऊन. सकाळी भरतीवर आम्ही बाहेर पडलो होतो. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक बांध आहे. भरतीला तो पाण्याखाली खोल असतो, ओहोटीला त्याच्यावर लाटा फुटतात. म्हणून भरतीला जायचं आणि पुन्हा भरती लागली की यायचं, असा आमचा शिरस्ता. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला. आम्ही बाहेरच होतो, वारा पाठीवर घेऊन सावकाश गावाकडे येत होतो. पाणी चढलं की आत शिरायचं, असा विचार.

आम्हाला ठाऊक नव्हतं की आम्ही निघाल्यावर चौकीला वरून निरोप आला होता. कुठलीशी अनोळखी बोट किनाऱ्याला फिरतेय, दिसेल ती बोट थांबवून तपासा. तिथे बाहेर आमच्या मोबाइलला रेंज नव्हती.

बांधाच्या आतल्या बाजूला सरकारी बोट दिसली. भोंगा वाजला. लाल झेंडा हलला. श्रीरंग म्हणाला, “थांबव.”

मी थांबवली. आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. इंजिनाची बोट माणूस इंजिन बंद करून थांबवतो. शिडाच्या बोटीला बंद करायला काही नसतं. तिचं तोंड वाऱ्याकडे फिरवायचं, म्हणजे शीड रिकामं होतं, नुसतं फडफडतं, आणि बोट जागच्या जागी उभी राहते. शिडाची बोट चालवणारा कोणीही माणूस विचार न करता हेच करील. मीही तेच केलं. वारा होता समुद्राकडून. म्हणजे गावाकडे येणाऱ्या टिटवीचं तोंड मी गर्रकन समुद्राकडे फिरवलं आणि तिला उभी केली. आमची पाठ पोलिसांकडे झाली.

“हात तरी दाखव त्यांना,” मी श्रीरंगला म्हणाले.

“थांबा म्हणाले, थांबलो. हात दाखवा असं नियमात नाही,” तो म्हणाला, आणि हाताची घडी घालून, समुद्राकडे तोंड करून बसून राहिला. बबनरावांकडे बघायचंच नव्हतं त्याला.

मग मागे इंजिनाचा आवाज चढला. मी मान वळवली. सरकारी बोट बांधावर येत होती, भर ओहोटीत, लाटा फुटत असताना. मी ओरडले, श्रीरंगही ताडकन उठला आणि दोन्ही हात हलवून मागे फिरा, मागे फिरा, असं ओरडू लागला. इंजिनाच्या आणि लाटांच्या आवाजात शब्द कुठे पोचणार? बोटीचा तळ वाळूला लागला, ती तिरपी झाली आणि पुढच्या लाटेने तिला उलटी केली.

त्यानंतर काय केलं ते विचारून केलं असं मी म्हणणार नाही. टिटवीचं तोंड फिरवलं, वाळूला अडू नये म्हणून श्रीरंगने तळाची फळी वर ओढली, आणि लाटांच्या पाठीवरून आम्ही बांधावर शिरलो. टिटवी उथळ पाण्याची, निभावली. लोखंडे उलट्या बोटीला धरून होता. त्याला ओढून घेतलं, तो पुढे पडून नुसता ओकत राहिला. बबनराव पाण्यावर तरंगत होते, अंगात जॅकेट होतं, पण बोट उलटताना डोक्याला लागलं होतं. श्रीरंगने त्यांना कसं उचललं देव जाणे. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तो तळाशी बसला आणि मी जेट्टीकडे निघाले. वारा पाठीशी होता, टिटवी पळत होती. जेट्टी येण्याआधीच बबनराव गेले.

छबू जेट्टीवर आली तेव्हा तिला धरायला मी पुढे झाले. तिने मला गच्च मिठी मारली. त्यानंतर तिने मला कधी हात लावला नाही.

चौकशी लागली. जिल्ह्याहून एक साहेब आले, शांत, वयस्क, दिसायला शाळामास्तर. आधी लोखंडेचा जबाब झाला. त्याने पाहिलं तेच सांगितलं की बोट गावाकडे येत होती, झेंडा पाहिला आणि समुद्राकडे वळली, हवालदार म्हणाले पळाली, आणि त्यांनी बांधावर बोट घातली. गावात तोवर सगळीकडे तेच झालं होतं. टिपणीस वकील आमच्या घरी येऊन बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जे घडलं ते सांगा, शिडाची बोट कशी थांबते ते मी साहेबांना कागदावर काढून दाखवीन. आपण पळालो असं एकदा लागलं तर कुठल्याही हौशी बोटीला परवानगी मिळायची नाही, मंडळ संपलं म्हणून समजा. श्रीरंगने मान हलवली. मला वाटलं, ठरलं.

चौकीत साहेबांनी आम्हाला समोर बसवलं, टिपणीस मागे बसले. तीच खोली, तेच टेबल. साहेबांनी आधी सगळं उलगडून सांगितलं, दडवलं काही नाही. ओहोटीला त्या बांधावरून सरकारी बोट न्यायची नाही, असा हुकूम होता. त्याला अपवाद एकच, इशारा देऊनही न थांबलेल्या बोटीचा पाठलाग. तेव्हा तुम्ही थांबला होतात असं ठरलं, तर हवालदाराने विनाकारण हुकूम मोडला, बोट घालवली, सहकाऱ्याचा जीव धोक्यात घातला, असं होईल. त्याच्या नावावर ते राहील, बापाच्या जागी मुलीला नोकरी मिळणंही मग कठीण आहे. आणि तुम्ही पळाला होतात असं ठरलं, तर तो कर्तव्यावर गेला. मी यातलं काही घालणार नाही की काढणार नाही, साहेब म्हणाले. जे असेल ते सांगा.

“सुकाणूवर कोण होतं?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, तोच श्रीरंग म्हणाला, “मी.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिले.

“झेंडा दिसला?”

“दिसला.”

“मग?”

“पळालो.”

टिपणीस मागे खुर्चीवरून अर्धवट उठले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. “का पळालात, डॉक्टर? तुमच्या बोटीत तर डबा आणि पाणी होतं.”

“राग होता,” श्रीरंग म्हणाला. “शेडग्यांचा राग होता. ते थांबा म्हणाले म्हणून थांबलो नाही.”

साहेबांनी पेन पुन्हा उचललं आणि ते लिहून घेतलं. मला वाटलं, आता मला विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, शपथेवर सांगते. पण ते म्हणाले, कबुली आहे, तेव्हा बाईंच्या जबाबाची गरज नाही.

घरी आलो. दार लावलं आणि तोंड सोडलं. काय वाटेल ते बोलले त्याला. सुकाणू माझ्या हातात होतं, बोट मी थांबवली होती, कशी थांबवावी तशी थांबवली होती. आयुष्यात एक गोष्ट मला चांगली येते, ती तू खोटी ठरवलीस, आणि कोणाला विचारून? हरिश्चंद्राचा अवतार म्हणून मिरवायचास, दुधात पाणी घातलं म्हणून गवळी बदललास, आणि आज सरकारपुढे खोटं बोललास. टिपणिसांचं काय, मंडळाचं काय, उद्या गाव तोंडात शेण घालील त्याचं काय? तो ऐकून घेत होता. मी दमल्यावर त्याने विचारलं, “बोटीत बबनराव काय म्हणाले, ऐकलंस ना?”

ऐकलं होतं. हे मी आत्तापर्यंत सांगितलं नाही, कारण ते आठवलं की आजही मला जेवण जात नाही. श्रीरंगच्या मांडीवर डोकं असताना बबनरावांनी डोळे उघडले होते. लोखंडे पुढे पालथा पडला होता, ओकून ओकून त्याला शुद्ध उरली नव्हती. बबनरावांनी श्रीरंगला ओळखलं. म्हणाले, “डॉक्टर, पळालासा का वो?”

आणि श्रीरंग म्हणाला होता, “पळालो नाही, बबनराव. थांबलोच होतो. वाऱ्याकडे तोंड केलं की आमची बोट थांबते.”

बबनराव थोडा वेळ विचार करत होते. माणूस मरताना विचार करतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मग म्हणाले, “मंजी माझंच चुकलं.” बस, एवढंच. मग डोळे मिटले.

“शालन,” श्रीरंग म्हणाला, “तो माणूस मरत होता आणि मी त्याला सांगितलं की तू चुकलास. तिथेसुद्धा मलाच बरोबर ठरायचं होतं.”

“आता खोटं बोललास ते त्यांना कळणार आहे का?”

“त्यांना नाही कळणार. पण ‘थांबलोच होतो’ हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघायचं नाही.”

पण माझा राग गेला नाही. खरं सांगते, गेला नाही. तो मोठा झाला असेल, पण त्याच्या मोठेपणाची किंमत मलाही भरावी लागत होती, आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

पुढचं झालं ते होणारच होतं. त्याच्यावर खटला झाला, दंड झाला. टिटवी जप्त करून चौकीमागच्या आवारात टाकली, तिथे उन्हात तिच्या फळ्या उकलत गेल्या. मंडळाची परवानगी गेली, शेडला कुलूप लागलं. टिपणीस रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूने जाऊ लागले. त्यांचं तरी काय चुकलं? कोळीवाड्यातून पेशंट यायचे बंद झाले. पोलिसाला खाल्लेल्या डॉक्टरकडे दात कोण काढायला येणार? बाजारात माझ्या मागे बायका कुजबुजायच्या. मी भाजी निवडत राहायचे आणि मनात म्हणायचे, विचारा ना, एकीने तरी मला विचारा. मी बोटीत होते. कोणीही विचारत नव्हतं.

तिकडे बबनरावांचं नाव कर्तव्यावर गेलेल्यांत लागलं. चौकीत त्यांचा फोटो लावला, मोठे साहेब आले, सलामी झाली. सुरेखाची बारावी होताच तिला खात्यात घेणार असं ठरलं. हे सगळं आम्हाला लोकांकडून कळायचं. छबू आमच्या मागच्या दाराने येईनाशी झाली होती. मीही गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार?

पावसाळा संपता संपता कळलं की छबू गाव सोडून माहेरच्या बाजूला, पाटणला चाललीय. ज्या सकाळी ती जायची होती, तेव्हा श्रीरंग दवाखान्यात न जाता घरीच बसला होता. फाटकाबाहेर टेम्पो उभा राहिल्याचा आवाज आला. मी दार उघडलं, तर छबू. पायऱ्या चढून आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. टेम्पोत पुढे सुरेखा बसली होती, मांडीवर बापाचा फोटो कापडात गुंडाळलेला.

“आत ये ना,” मी म्हणाले.

“बसायला न्हाई आले वैनी,” ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, भांडण नव्हतं त्यात. “जाताजाता येक इचारायचंय. ते मनात ठेवून जाववंना.”

श्रीरंग खुर्चीवरून उठून उभा राहिला.

“डॉक्टर, तुमच्यात आन त्यांच्यात कायबी आसंल. गडीमाणसं हायसा, भांडला आसाल. पर त्यांनी झेंडा दावला तवा येकदा थांबला असतासा, तर काय बिगाडलं असतं तुमचं?”

श्रीरंग भिंतीला हात लावून उभा होता. मला वाटलं, हा आता बोलणार. पाटणच्या डोंगरात जाणाऱ्या बाईला खरं कळलं तर आता कोणाचं काय बिघडतंय? कागद झाले, नाव लागलं. एकटीला तरी सांगून टाक, म्हणजे मला माझी मैत्रीण परत मिळेल. मी त्याच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्याला ढकलत होते.

“चुकलं, छबूताई,” तो म्हणाला. “रागात होतो.”

छबूने मान हलवली. हेच ऐकायला आल्यासारखी. मग ती माझ्याकडे वळली. इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“आन वैनी, तुमी तर बोटीतच व्हतासा. तुमचा शब्द ह्यांनी कंदी मोडला न्हाई. तुमाला न्हाई म्हणता आलं, थांबव म्हणून?”

हा माझा प्रश्न होता. बाजारात ज्याची वाट बघत होते, तो हाच. आणि विचारणारी दुसरी कोणी नाही, छबू. अगं बाई, मीच तर थांबवली, हे शब्द ओठांशी आले होते. तिच्या मागे टेम्पोत सुरेखा आमच्याकडे बघत होती. आणि मला एकदम उमगलं की मी एवढं बोलले की छबूला आयुष्यभर एकच वाक्य पुरेल. बबनराव स्वतःच बोलून गेले होते ते, माझंच चुकलं. आणि ते तिच्यापर्यंत पोचवणारी मी असणार होते.

“म्हणायला हवं होतं,” मी म्हणाले. “नाही म्हटलं.”

छबूने पदराने तोंड पुसलं. “बरं,” म्हणाली, आणि पायऱ्या उतरली. टेम्पो सुरू झाला, वळणापर्यंत गेला, दिसेनासा झाला. श्रीरंग केव्हा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, ते मला कळलं नाही. त्या दिवशी माझा त्याच्यावरचा राग गेला.